साखरेऐवजी काय घ्यावे? वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

मधुमेहाचे निदान झाले की घरातला साखरेचा डबा मागच्या फळीवर जातो आणि त्याच्या जागी 'शुगर-फ्री' असे लिहिलेली एखादी बाटली येऊन बसते. ती बाटली कोणी आणली, तिच्यात काय आहे आणि ती कशासाठी वापरायची, याचा विचार मात्र फारसा होत नाही. कोणी तिला औषध समजून निर्धास्त होतो, तर कोणी तिला विष समजून पुन्हा साखरेकडे वळतो. या विषयावर आलेल्या पत्रांतून या वेळी आठ प्रश्न निवडले आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : माझे वय ६२ वर्षे असून तीन महिन्यांपूर्वी मला टाइप २ मधुमेह असल्याचे कळले. दिवसातून चार कप चहा आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर, ही माझी चाळीस वर्षांची सवय आहे. दुकानात गोळ्या, पुड्या, थेंब असे इतके प्रकार दिसतात की मी रिकाम्या हाताने परत येतो. मी यांपैकी नेमके कोणते घ्यावे?

उत्तर : प्रथम आपल्या चहाचा हिशेब मांडू. सपाट चमचाभर साखर साधारण ४ ग्रॅम भरते. दिवसाचे आठ चमचे म्हणजे ३२ ग्रॅम साखर आणि सुमारे १२८ कॅलरी झाल्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेल्या सल्ल्यानुसार वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी आणि शक्यतो ती ५ टक्क्यांच्या आत ठेवावी. ही ५ टक्क्यांची मर्यादा प्रौढ व्यक्तीसाठी साधारण २५ ग्रॅम होते. म्हणजे मधुमेह नसलेल्या माणसालाही आपल्या एकट्या चहानेच ती ओलांडायला लावली असती. त्यामुळे चहातली साखर बदलण्याचा आपला निर्णय योग्य आहे आणि पर्यायी गोडव्याचा सर्वांत सरळ उपयोग जर कुठे होत असेल तर तो इथेच होतो, कारण चहात साखरेचे काम केवळ गोडी आणण्याचे असते.

दुकानातल्या त्या गर्दीत मुळात तीन घराणी आहेत. पहिले घराणे अतितीव्र गोडव्याचे. सॅकरिन, ॲस्पार्टेम, ॲसेसल्फेम-के आणि सुक्रालोज ही प्रयोगशाळेत घडवलेली, तर स्टीव्हिया आणि मंक फ्रूट ही वनस्पतींतून काढलेली गोडी. ॲस्पार्टेम साखरेच्या सुमारे २०० पट, सॅकरिन ३०० ते ४०० पट आणि सुक्रालोज सुमारे ६०० पट गोड असते. त्यामुळे कपाला ती काही मिलिग्रॅमच लागतात आणि तेवढ्या मात्रेने रक्तातली साखर चढत नाही. दुसरे घराणे सॉर्बिटॉल, झायलिटॉल, माल्टिटॉल, एरिथ्रिटॉल यांचे. रसायनशास्त्रात यांना शर्करा-अल्कोहोल म्हणतात, पण दारूशी त्यांचा काही संबंध नाही. ती साखरेच्या जवळपास तेवढीच किंवा तिच्याहून कमी गोड असल्यामुळे चमच्याने घालावी लागतात. तिसरे घराणे मध, गूळ, फळांची साखर अशा 'नैसर्गिक' म्हणवणाऱ्या पदार्थांचे आहे. ते पर्याय वाटतात, पण प्रत्यक्षात साखरेचेच रूप असतात. त्यांच्याविषयी पुढच्या उत्तरात सांगितले आहे.

चहासाठी पहिल्या घराण्यातले कोणतेही चालेल आणि त्यांतून निवड करताना चव हा निकष लावण्यात काहीही गैर नाही. सॅकरिनची मागून येणारी कडवट, धातूसारखी चव काहींना सहन होत नाही. स्टीव्हियाची गोडी जिभेवर उशिरा येते आणि उशिरापर्यंत रेंगाळते. अनेक कंपन्या दोन गोडवे एकत्र करतात ते याच कारणाने, कारण एकाची खोड दुसरा झाकतो. ॲस्पार्टेम फार वेळ उकळले तर त्याचे विघटन होऊन गोडी जाते, म्हणून ते भांड्यात चहाबरोबर उकळू नये, कपात ओतल्यावर घालावे. रूपांमध्ये मी गोळी किंवा थेंब सुचवीन. पुडीतली पूड हाताला लागावी म्हणून तिच्यात बहुधा डेक्स्ट्रोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिन मिसळलेले असते आणि ही दोन्ही कर्बोदकेच आहेत. एका पुडीतून साधारण एक ग्रॅम कर्बोदक जाते. दिवसाला दोन पुड्या घेणाऱ्याला त्याचा फरक पडत नाही, पण दहा पुड्या घेणाऱ्याने तो हिशेबात धरायला हवा.

आता यापुढची गोष्ट सांगते, जी मला निवडीपेक्षाही महत्त्वाची वाटते. माझ्याकडे येणाऱ्या एका गृहस्थांनी सुरुवातीला कपाला दोन गोळ्या घेतल्या. दोन आठवड्यांनी ते एकीवर आले. मग गोळी चमच्यात ठेवायची, अंगठ्याच्या नखाने तिचे दोन तुकडे करायचे आणि एक तुकडा डबीत परत टाकायचा, असा त्यांचा क्रम सुरू झाला. चौथ्या महिन्यात डबी घरी विसरून ते प्रवासाला गेले आणि परत येईपर्यंत त्यांना तिची आठवण झाली नाही. जिभेची सवय हळूहळू उतरते, मात्र ती उतरवावी लागते. आणि एक बारीकशी गोष्ट अशी की, दुधाच्या चहात साखर अजिबात नसली तरी १०० मिलिलिटर दुधात सुमारे ५ ग्रॅम दुधाची शर्करा असतेच. चार मोठे कप पिणाऱ्याने हेही लक्षात ठेवावे.

प्रश्न : माझ्या सासूबाईंना दहा वर्षांपासून मधुमेह आहे. पांढरी साखर हे रसायन असून मध आणि गूळ नैसर्गिक आहेत, त्यामुळे ते मधुमेहात चालतात, असे त्या ठामपणे सांगतात. त्यांना दुखवायचे नाही, पण खरे काय ते कळावे.

उत्तर : आपल्या सासूबाईंचे म्हणणे इतक्या घरांत ऐकू येते की त्यांना एकट्यांना दोष देता येणार नाही. तरीही ते बरोबर नाही. साखर म्हणजे सुक्रोज, आणि सुक्रोजच्या प्रत्येक कणात ग्लुकोज व फ्रुक्टोज जोडीने असतात. मधात हेच दोन घटक आधीच सुटे झालेले असतात आणि गुळात बहुतांश सुक्रोजच असते. गुळात थोडी खनिजे अधिक असतात हे खरे, पण ती पुरेशी मिळावीत एवढा गूळ खाल्ला तर रक्तातली साखर कुठे जाईल, हे सांगायला नको. मधाचा ग्लायसेमिक निर्देशांक, म्हणजे पदार्थ रक्तातली साखर किती वेगाने चढवतो याचे माप, ६०च्या आसपास आणि साखरेचा ६५च्या आसपास मानला जातो, म्हणजे फरक नाममात्र आहे. उलट मध साखरेपेक्षा जड असतो. चमचाभर मध साधारण ७ ग्रॅम भरतो आणि त्यातली साडेपाच ग्रॅमच्या आसपास शर्कराच असते. चमच्याला चमचा मोजला तर मधातून साखरेपेक्षा अधिक शर्करा पोटात जाते. सासूबाईंपुढे हा हिशेब स्वयंपाकघरातल्या छोट्या वजनकाट्यावर मांडून दाखवावा. वादापेक्षा त्याचा उपयोग होईल आणि कोणाचा मानही दुखावणार नाही.

फ्रुक्टोजविषयी स्वतंत्र सांगायला हवे, कारण एके काळी मधुमेहींसाठीच्या खास पदार्थांत ते मुद्दाम घातले जाई. त्याने रक्तातले ग्लुकोज लगेच फारसे चढत नाही, हे त्यामागचे कारण होते. पण वेगळे काढलेले फ्रुक्टोज मोठ्या प्रमाणात घेतले की त्याचा भार यकृतावर पडतो, ट्रायग्लिसराइड्स म्हणजे रक्तातली चरबी वाढते आणि यकृतात चरबी साठण्यास हातभार लागतो. निवडुंगासारख्या दिसणाऱ्या अगेव्ह या वनस्पतीचा पाक 'कमी ग्लायसेमिक' म्हणून विकला जातो, त्याचेही कारण त्यातले भरपूर फ्रुक्टोजच आहे. अख्ख्या फळाची गोष्ट वेगळी आहे, कारण त्यात चोथा असतो, पाणी असते आणि ते चावून खावे लागते.

सासूबाईंना नैसर्गिकच हवे असेल तर स्टीव्हिया आहे. पॅराग्वे आणि त्याच्या आसपासच्या प्रदेशातले ग्वारानी लोक हे पान शतकानुशतके वापरत आले आहेत. मात्र पानांची कच्ची पूड आणि पानांतून शुद्ध केलेले स्टीव्हिऑल ग्लायकोसाइड्स यांत फरक आहे. सुरक्षिततेची तपासणी होऊन मान्यता मिळाली आहे ती शुद्ध केलेल्या अर्काला. अमेरिकेत २००८ साली आणि युरोपीय संघात २०११ साली त्याचा मार्ग मोकळा झाला.

प्रश्न : साखर सोडल्यापासून मी 'शुगर-फ्री' बिस्किटे आणि मिठाईच खातो, तरी जेवणानंतरची शुगर पूर्वीपेक्षा वाढलेली आहे. शिवाय पोटात गुरगुरते आणि गॅस होतो. यंत्रात काही बिघाड असेल का?

उत्तर : यंत्र बहुधा बरोबर सांगत आहे. आपण बिस्किटांचा पुडा हातात घ्या, समोरची मोठी अक्षरे सोडून द्या आणि मागची बारीक अक्षरांची चौकट वाचा. घटकांच्या यादीत सर्वांत पुढे बहुधा पीठ असेल, कारण ज्या घटकाचे वजन अधिक तो यादीत आधी लिहिला जातो. मग तेल किंवा चरबी येईल, आणि त्यानंतर माल्टिटॉल, सॉर्बिटॉल, माल्टोडेक्स्ट्रिन यांपैकी एखादे नाव येईल. आता पोषणमूल्यांच्या तक्त्यात 'शर्करा' या ओळीवर समाधान मानू नका. तिच्या वरची 'एकूण कर्बोदके' ही ओळ वाचा आणि तिथला आकडा १०० ग्रॅमचा आहे की एका बिस्किटाचा, हेही पाहा. 'शुगर-फ्री' या शब्दांचा अर्थ एवढाच की त्यात साखर जवळजवळ नाही. त्यात कर्बोदके नाहीत असा त्याचा अर्थ होत नाही. पिठातल्या स्टार्चचे पोटात गेल्यावर ग्लुकोजच होते, आणि माल्टोडेक्स्ट्रिन तर चवीला गोड नसूनही रक्तातली साखर वेगाने चढवते.

आपल्या पोटाच्या तक्रारीचा धागाही याच चौकटीत सापडतो. शर्करा-अल्कोहोल लहान आतड्यात पुरते शोषले जात नाहीत. उरलेला भाग मोठ्या आतड्यात जातो, तिथे पाणी ओढून घेतो आणि जिवाणू त्याला आंबवतात. त्यातून गॅस, गुरगुर आणि अधिक मात्रा झाल्यास जुलाब होतात. माल्टिटॉल ग्रॅममागे सुमारे २ कॅलरी देते आणि रक्तातली साखर बऱ्यापैकी चढवते, म्हणून त्याला शून्य धरून चालणे हीच चूक होते. सर्वसाधारण नियम म्हणून शर्करा-अल्कोहोलच्या ग्रॅमांपैकी निम्मे ग्रॅम कर्बोदक म्हणून मोजावेत. यातला अपवाद एरिथ्रिटॉलचा. ते बहुतांश रक्तात शोषले जाऊन लघवीवाटे जसेच्या तसे बाहेर पडते, त्यामुळे पोटाला त्याचा त्रास कमी होतो आणि त्याची ऊर्जाही ग्रॅमला सुमारे ०.२ कॅलरी एवढीच असते.

आपल्याला आणखी एक प्रयोग करून पाहता येईल. एखाद्या दिवशी ती मिठाई खाण्याआधी बोटातून रक्त घेऊन साखर मोजा, वहीत लिहा, मिठाईचा तुकडा वजन करून खा आणि बरोबर दोन तासांनी पुन्हा मोजा. दुसऱ्या एखाद्या दिवशी त्याच वेळी, तेवढ्याच वजनाच्या साध्या मिठाईच्या तुकड्याने हेच करा. दोन आकड्यांमधला फरक वेष्टनावरच्या कोणत्याही दाव्यापेक्षा आपल्याला जास्त शिकवील. बहुतेक वेळा असे दिसते की फरक आहे, पण तो तीन तुकड्यांची मुभा देण्याएवढा नाही.

प्रश्न : ॲस्पार्टेममुळे कर्करोग होतो असे जागतिक आरोग्य संघटनेनेच जाहीर केल्याचे वाचले. याच संघटनेने हे सगळे गोडवे वापरू नका असेही सांगितले म्हणतात. मी पंधरा वर्षे या गोळ्या घेत आहे. आता झोप लागत नाही.

उत्तर : आपली काळजी मी समजू शकते, म्हणून हे उत्तर थोडे सविस्तर देते. आपण वाचलेल्या दोन्ही बातम्या २०२३ सालच्या आहेत. त्या पूर्णपणे खोट्या नाहीत, पण त्यांचा अर्धा भाग गळलेला आहे.

जुलै २०२३मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्याच आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्पार्टेमला '२-ब' या गटात टाकले. या गटाचा अर्थ 'कर्करोग होण्याची शक्यता आहे, मात्र पुरावा मर्यादित आहे' असा आहे. ही संस्था एखादी गोष्ट कोणत्याही परिस्थितीत धोका ठरू शकेल का, एवढेच तपासते. किती मात्रेला किती धोका, हे ती सांगत नाही. ते काम अन्नातल्या मिश्रकांविषयीच्या संयुक्त तज्ज्ञ समितीचे आहे. त्या समितीने त्याच दिवशी आपला निष्कर्ष जाहीर केला आणि दर किलो वजनामागे रोज ४० मिलिग्रॅम ही जुनी मर्यादा कायम ठेवली. आपले वजन ६० किलो धरले तर ही मर्यादा २,४०० मिलिग्रॅम होते. एक गोळी २० मिलिग्रॅमची धरली तर १२० गोळ्या झाल्या, त्याही एका दिवसात. आपण दिवसाला सहा गोळ्या घेत असाल तर मर्यादेच्या विसाव्या भागावर आहात.

दुसरी बातमी मे २०२३मधली. वजन घटवण्यासाठी किंवा आजार टाळण्यासाठी बिनसाखरेच्या गोडव्यांवर अवलंबून राहू नये, असे मार्गदर्शक तत्त्व जागतिक आरोग्य संघटनेने दिले, कारण त्यांनी वजन दीर्घकाळ उतरत असल्याचा पुरावा आढळला नाही. पण त्याच दस्तऐवजात असेही लिहिले आहे की ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना ही शिफारस लागू नाही. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत हे वाक्य मावले नाही, आणि नेमके तेच आपल्यासाठी लिहिलेले होते.

अशी भीती पहिल्यांदाच पसरली आहे असेही नाही. सॅकरिनचा शोध १८७९ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात लागला. कॉन्स्टँटिन फाहलबर्ग यांच्या बोटांना लागलेल्या पदार्थाची गोडी त्यांना जेवताना जाणवली. उंदरांना मोठ्या मात्रेत सॅकरिन दिल्यावर त्यांच्या मूत्राशयात कर्करोग आढळला आणि १९७७ साली अमेरिकेत त्यावर बंदीचा प्रस्ताव आला. बंदी अखेर आली नाही, पण पाकिटावर इशारा छापणे सक्तीचे झाले. पुढे समजले की ज्या प्रक्रियेने त्या नर उंदरांच्या मूत्राशयाला इजा होत होती, ती त्यांच्या मूत्राच्या विशिष्ट घडणीमुळे घडत होती आणि माणसात तशी घडत नाही. २००० साली सॅकरिन संशयितांच्या यादीतून वगळले गेले आणि तो इशाराही निघाला. इशारा निघायला तेवीस वर्षे लागली. भीती पसरायला मात्र काही दिवसच लागले होते.

याचा अर्थ सर्व प्रश्न मिटले आहेत असा मी काढत नाही. इस्राएलमधल्या वाइझमन संस्थेच्या संशोधकांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १२० निरोगी प्रौढांनी दोन आठवडे वेगवेगळे गोडवे घेतले. सॅकरिन आणि सुक्रालोज घेणाऱ्यांच्या शरीराचा ग्लुकोजला मिळणारा प्रतिसाद बदलला आणि आतड्यातल्या जिवाणूंच्या समूहातही बदल दिसला. हा बदल प्रत्येकात सारखा नव्हता. म्हणूनच मी साखरेच्या जागी मर्यादित वापराला हरकत घेत नाही, पण 'कितीही घेतले तरी चालते' असे कोणालाही सांगत नाही. ॲस्पार्टेम पूर्णपणे टाळायला हवे ते फिनाइलकीटोन्यूरिया हा जन्मजात आजार असलेल्यांनी, कारण त्यात फिनाइलॲलनिन हा प्रथिनांतला घटक असतो आणि तो त्यांच्या शरीराला हाताळता येत नाही. पाकिटावर तशी सूचना छापलेली असते.

प्रश्न : घरी केक करताना साखरेऐवजी सुक्रालोज घातले तर केक फुलला नाही आणि वरून फिकट राहिला. ते ओव्हनमध्ये घालणे सुरक्षित असते का?

उत्तर : केकमध्ये साखर गोडीखेरीज आणखी चार कामे करते. ती वजन आणि आकार देते, लोण्याबरोबर फेटताना हवा धरते, ओलावा टिकवते आणि वरच्या थराला तांबूस रंग आणते. सुक्रालोज चिमटीभर पुरते, म्हणून ही कामे करायला ते तिथे नसतेच. यावर दोन उपाय आहेत. एकतर रंग आणि ओलावा येण्यापुरती साखर राहू द्यावी, म्हणजे मूळ प्रमाणाच्या निम्मी किंवा तिसरा हिस्सा, आणि उरलेली गोडी पर्यायातून आणावी. नाहीतर चमच्याने मोजता येणारे ॲल्युलोज वापरावे. ते साखरेच्या सुमारे ७० टक्के गोड असते, ग्रॅमला ०.४ कॅलरीच्या आसपास ऊर्जा देते आणि रंगही चांगला आणते, इतका की लक्ष ठेवले नाही तर केक करपतो. ॲल्युलोजला मात्र सगळ्या देशांत मान्यता नाही.

सुक्रालोजच्या शोधाची कथा इथे सांगण्याजोगी आहे. १९७६ साली लंडनच्या क्वीन एलिझाबेथ महाविद्यालयात शशिकांत फडणीस यांना एक पदार्थ तपासून पाहा असे इंग्रजीत सांगण्यात आले आणि त्यांनी ते 'चाखून पाहा' असे ऐकले. मराठीत लिहिताना आपण ते दोन्ही इंग्रजी शब्द 'टेस्ट' असेच लिहितो, त्यामुळे त्यांची चूक आपल्याला लगेच पटते. हे सुक्रालोज चहा-कॉफीत आणि थंड पदार्थांत निश्चिंतपणे वापरावे. भट्टीच्या उष्णतेचे मात्र तसे नाही. जर्मनीच्या जोखीम मूल्यमापन संस्थेने २०१९ साली असे मत दिले की १२० अंश सेल्सियसच्या वर ते तापवल्यास क्लोरीनयुक्त अपायकारक संयुगे तयार होऊ शकतात, म्हणून पुरेशी माहिती मिळेपर्यंत ते भाजल्यानंतर घालावे. मी हेच सांगेन.

प्रश्न : मला मधुमेहाबरोबर हृदयविकारही आहे, एक स्टेंट बसवलेला आहे. एरिथ्रिटॉल पोटाला हलके म्हणून मी रोज पाच-सहा चमचे घेतो. ते हृदयाला घातक असल्याचे ऐकले. बंद करू का?

उत्तर : आपल्या परिस्थितीत मी ते बंद करण्याचाच सल्ला देईन, आणि त्यामागचे कारण नीट सांगायला हवे. २०२३ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांना असे आढळले की ज्यांच्या रक्तात एरिथ्रिटॉल अधिक होते त्यांना पुढच्या तीन वर्षांत हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात अधिक वेळा आला. यातून एरिथ्रिटॉल हेच कारण आहे असे सिद्ध होत नाही, कारण आपले शरीर स्वतःही ते थोडे तयार करते आणि चयापचय बिघडलेल्यांत ते अधिक तयार होते. परंतु त्याच गटाने पुढच्या वर्षी केलेल्या छोट्या प्रयोगात निरोगी माणसांना ३० ग्रॅम एरिथ्रिटॉल दिल्यावर त्यांच्या रक्तातल्या प्लेटलेट्स, म्हणजे रक्ताची गाठ बनवणाऱ्या सूक्ष्म पेशी, एकमेकींना चिकटण्याची प्रवृत्ती वाढली. ३० ग्रॅम ग्लुकोजने तसे झाले नाही. झायलिटॉलबाबतही २०२४ साली अशाच स्वरूपाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आपले पाच-सहा चमचे साधारण २० ते २५ ग्रॅमच्या घरात जातात आणि स्टेंट असलेल्या माणसाला प्लेटलेट्सचे चिकटणे परवडणारे नसते. निश्चित उत्तर मिळेपर्यंत हाताशी दुसरे पर्याय असताना हा धोका पत्करण्याचे कारण मला दिसत नाही. स्टीव्हिया घेताना मात्र पाकीट उलटून पाहा, कारण स्टीव्हिया म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक पुडींत वजनाने सर्वाधिक असते ते एरिथ्रिटॉलच.

प्रश्न : मला पाचवा महिना असून गरोदरपणातला मधुमेह निघाला आहे. यातले काही घेऊ शकते का?

उत्तर : ॲस्पार्टेम, सुक्रालोज, ॲसेसल्फेम-के आणि शुद्ध स्टीव्हिया ठरवून दिलेल्या मर्यादेत घ्यायला सहसा हरकत नसते. सॅकरिन वारेतून बाळापर्यंत पोहोचते आणि तिथून हळूहळू निघते, म्हणून ते टाळावे. आपल्या प्रसूतितज्ज्ञ डॉक्टरांना पाकीट दाखवून मगच सुरू करावे. या चार महिन्यांत गोडी मुळातच कमी केलीत तर अधिक चांगले.

प्रश्न : माझे यजमान इन्शुलिन घेतात. मागच्या महिन्यात पहाटे त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले आणि ते काहीतरी असंबद्ध बोलू लागले. घरात साखर ठेवतच नाही, म्हणून मी त्यांना 'डाएट' शीतपेय पाजले. बराच वेळ काही फरक पडला नाही. शेजाऱ्यांनी साखरेचे पाणी दिल्यावर ते सावरले. माझे काय चुकले?

उत्तर : ताई, आपण घाबरून न जाता काहीतरी गोड द्यावे हे ओळखलेत, तेही थोडे नाही. चूक झाली ती त्या पेयाच्या निवडीत. त्या वेळी यजमानांच्या रक्तातले ग्लुकोज फार खाली गेले होते आणि मेंदूला ते तातडीने हवे होते. 'डाएट' पेयात जिभेला लागणारी गोडी असते, पण ग्लुकोजचा एक कणही नसतो. जे गोडवे रक्तातली साखर वाढवत नाहीत म्हणून आपण निवडतो, ते अशा प्रसंगी त्याच कारणाने निरुपयोगी ठरतात.

म्हणून घरात साखर ठेवावीच. उशाशी एका छोट्या डबीत ग्लुकोजची पूड किंवा गोळ्या ठेवाव्यात, डबीवर ठळक अक्षरांत 'शुगर कमी झाल्यास' असे लिहावे आणि गोडव्याच्या गोळ्यांची डबी तिच्या जवळपासही ठेवू नये, कारण पहाटेच्या अंधारात दोन्ही डब्या सारख्याच वाटतात. मोजमाप यंत्रावर आकडा ७०च्या खाली आला, किंवा यंत्र हाताशी नसताना अशी लक्षणे दिसली, तर १५ ग्रॅम ग्लुकोज द्यावे. ते नसेल तर चार सपाट चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे आणि आकडा ७०च्या वर गेला नसेल तर तेवढेच पुन्हा द्यावे. चॉकलेट देऊ नये, त्यातल्या चरबीमुळे साखर शोषली जायला वेळ लागतो. यजमान अकार्बोज किंवा व्होग्लिबोज हे औषध घेत असतील तर साध्या साखरेचा उपयोग संथपणे होतो, म्हणून त्यांना ग्लुकोजच द्यावे. ते शुद्धीवर नसतील किंवा गिळू शकत नसतील तर तोंडात काहीही घालू नये. कुशीवर वळवून ताबडतोब रुग्णालयात न्यावे, आणि रक्तातली साखर वाढवणारे ग्लुकागॉनचे इंजेक्शन घरी असेल व ते देणे आपल्याला शिकवलेले असेल तर ते द्यावे.

आकडा सावरल्यावर पुढचे जेवण तासाभराहून लांब असेल तर थोडे काही खायला द्यावे. पहाटेचा तो प्रसंग तारीख आणि वेळेसह वहीत लिहून ठेवावा आणि ती वही घेऊन याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे, कारण रात्रीच्या इन्शुलिनची मात्रा बदलावी लागण्याची शक्यता आहे.